काल्टरहेर्बेर्गचे स्थानक : प्रकल्प नोंदी

१० फेब्रुवारी २०२४

या कामाची नोंदवही आजपासून सुरू करीत आहे. शिक्षणासाठी आखेनला येऊन मला चार वर्षे झाली. शहराच्या दक्षिणेकडून आयफेलच्या डोंगराळ मुलखात चढत जाणाऱ्या फेनबानच्या सायकलमार्गावरून या काळात मी कितीतरी वेळा गेले असेन. ‘फेन’ म्हणजे पाणथळ, काळ्या पीट मातीचा माळ आणि ‘बान’ म्हणजे रेल्वे. आखेनपासून लक्झेम्बर्गमधील त्रोआविएर्जपर्यंत जाणारा सुमारे १२५ किलोमीटरचा हा मार्ग जुन्या रेल्वेच्या भरावावरूनच जातो, म्हणून त्याचा चढ कुठेही अंगावर येत नाही. वाटेत जुन्या स्थानकांची नावे लागतात : रारेन, रोटगेन, लामर्सडोर्फ, कोन्त्सेन, मोनशाउ, काल्टरहेर्बेर्ग. यांपैकी शेवटच्या स्थानकाचा इतिहास मराठीत, सोळा पानांच्या पुस्तिकेत आणि एका मोठ्या नकाशासह मांडायचा, असे ठरवले आहे.

हेच स्थानक निवडण्याचे कारण साधे आहे. काल्टरहेर्बेर्ग हे गाव जर्मनीत आहे आणि प्रशियाच्या सरकारने हे स्थानक त्याच गावासाठी बांधले, पण आज ते स्थानक बेल्जियमच्या भूमीवर उभे आहे. गावातून उतरून स्थानकावर जायचे तर देश बदलावा लागतो. असे का झाले, याचे उत्तर नीट आणि पुराव्याने देणे एवढाच या प्रकल्पाचा हेतू आहे. गावाच्या नावाचा अर्थ ‘थंड धर्मशाळा’ असा होतो. फेब्रुवारीतल्या वाऱ्यात वरच्या माळावर उभे राहिले की नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

१८ फेब्रुवारी २०२४

आजचा दिवस मार्गाच्या जन्मकथेत गेला. १८१५ साली व्हिएन्नाच्या परिषदेनंतर हा सारा प्रदेश प्रशियाकडे आला. आयफेल त्या काळी इतका दरिद्री, थंड आणि आडवळणी होता की त्याला ‘प्रशियाचा सायबेरिया’ म्हणत. शेतकऱ्यांची कणव येऊन सरकारने रेल्वे बांधली असे मात्र म्हणता येणार नाही. खरे कारण आखेनच्या वेशीवर होते. रोटे एर्डे, म्हणजे ‘लाल माती’, या भागात मोठा पोलाद कारखाना होता आणि आखेनच्या आसपास कोळशाच्या खाणी होत्या. दक्षिणेला लक्झेम्बर्ग व लोरेनमध्ये ‘मिनेट’ नावाचे लोहखनिज विपुल होते, पण त्यात फॉस्फरस जास्त असल्याने त्यापासून चांगले पोलाद बनत नसे. १८७९ च्या सुमारास थॉमस प्रक्रिया वापरात आली, फॉस्फरस वेगळा काढता येऊ लागला आणि इतके दिवस दुय्यम मानलेल्या खनिजाला एकदम मोल आले. खनिज उत्तरेला आणायचे, कोळसा व कोक दक्षिणेला न्यायचा, म्हणजे गाड्या दोन्ही दिशांनी भरून धावणार. अशा हिशेबावरच रेल्वे उभी राहते.

बांधकामाचा कायदा १८८२ चा. ३० जून १८८५ रोजी रोटे एर्डे ते मोनशाउ हा टप्पा सुरू झाला आणि १ डिसेंबर १८८५ रोजी गाडी मोनशाउच्या पुढे मालमेदीच्या बाजूला गेली. काल्टरहेर्बेर्गचे स्थानक या दुसऱ्या टप्प्यातले. १८८९ साली मार्ग पार उल्फलिंगेनपर्यंत, म्हणजे आजच्या त्रोआविएर्जपर्यंत पोहोचला.

एक गोष्ट पुस्तिकेत अवश्य घ्यायची. थॉमस प्रक्रियेतून उरणाऱ्या धातुमळीत फॉस्फरस असल्यामुळे तिची पूड खत म्हणून विकली जाऊ लागली आणि आयफेलच्या आम्लधर्मी, निकस कुरणांना ती मानवली. म्हणजे ज्या दोषामुळे खनिज नाकारले जात होते, तोच पुढे इथल्या गवताच्या कामी आला.

३ मार्च २०२४

आज प्रत्यक्ष जागेवर गेले. मोनशाउकडून येताना स्थानकाच्या थोडे अलीकडे रूर नदीवरचा राइखेनश्टाइनचा दगडी पूल लागतो. मराठीत लिहिताना इथे गोंधळ होऊ शकतो. कोळसा आणि कारखान्यांसाठी जगाला ठाऊक असलेली रूर ती वेगळी. ही छोटी रूर फेनच्या माळावर उगम पावून पुढे मास नदीला मिळते. देवनागरीत दोन्ही नावे एकसारखीच येत असल्याने पुस्तिकेत तळटीप द्यावी लागेल.

स्थानक खाली नदीच्या बाजूला आहे आणि गाव वर माळावर. गावातली घरे बीच झाडांच्या घराएवढ्या उंच कुंपणांआड वाऱ्यापासून दडून बसलेली असतात आणि चर्चचे जोड मनोरे दुरून दिसतात. स्थानकाशेजारी लाइकाउल व क्युखेलशाइड ही वस्ती आहे आणि ती आज बेल्जियमच्या हद्दीत आहे. म्हणजे उत्तरेकडून जर्मन प्रदेशातून अरुंद पट्टीसारखी आलेली बेल्जियन रेल्वेभूमी इथे बेल्जियमच्या सलग भूमीला जाऊन मिळते.

इथून सूरब्रोटच्या दिशेने रूळ अजून शाबूत आहेत आणि त्यांवर पायडल मारून चालवायच्या चारचाकी गाड्या पर्यटकांसाठी सोडतात. मी वाकून बराच वेळ पाहत राहिले. रुळाच्या बाजूंवर गंजाचे पापुद्रे सुटलेले होते, माथ्यावर मात्र त्या हलक्या चाकांनी बोटभर रुंदीची उजळ रेघ राखली होती. स्लीपरच्या भेगांत शेवाळ धरले होते आणि खडीतून बर्चची वीतभर रोपे वर आली होती.

संध्याकाळी बाबांना छायाचित्रे पाठवली. बाबा भुसावळ विभागात आयुष्यभर रुळांच्या देखभालीच्या कामावर होते. त्यांनी स्थानकाच्या इमारतीकडे पाहिलेही नाही. आधी भरावाची रुंदी विचारली. मी पावलांनी मोजलेला आकडा सांगितल्यावर म्हणाले, “एका रुळासाठी कुणी एवढी माती टाकत नाही गं. इथे दोन रूळ असणार.” आणि ते खरेच आहे. खनिजाची वाहतूक वाढत गेली तसा पहिल्या महायुद्धापूर्वी हा मार्ग दुहेरी करण्यात आला होता. सायकलचा डांबरी पट्टा त्या भरावाच्या जेमतेम एका अंगावर मावतो आणि उरलेल्या रिकाम्या रुंदीतून जुन्या वाहतुकीचा अंदाज बांधता येतो.

१६ मार्च २०२४

प्रकल्पाचा गाभा आज हाती घेतला. व्हर्सायचा तह २८ जून १९१९ रोजी झाला आणि १० जानेवारी १९२० पासून अमलात आला. त्याच्या ३४ व्या कलमाने ओयपेन व मालमेदी हे दोन प्रशियन जिल्हे बेल्जियमला दिले. तेथील लोकांना विरोध नोंदवण्यासाठी नोंदवह्या ठेवल्या होत्या, पण त्या फक्त ओयपेन व मालमेदी या दोन ठिकाणी होत्या आणि विरोध करणाऱ्याला स्वतःच्या नावाने उघड सही करावी लागे. ३३,७२६ पात्र मतदारांपैकी अवघ्या २७१ जणांनी सही केली. याला जनमत म्हणणे मला पटत नाही.

मोनशाउ जिल्हा मात्र तहात दिलेला नव्हता. तो जर्मनीकडेच राहिला. अडचण अशी झाली की ओयपेनकडून मालमेदीकडे जाणारी रेल्वे रारेन सोडल्यावर मोनशाउ जिल्ह्यातून वळसा घेत काल्टरहेर्बेर्गपर्यंत येत होती. मधला थेट रस्ता होहेस फेनच्या दलदलीने अडवलेला. बोत्रांज हे ६९४ मीटर उंचीचे बेल्जियमचे सर्वांत उंच ठिकाण त्याच माळावर आहे, आणि तिथले धुके, बर्फ व पाऊस यांची कल्पना नकाशावरून येत नाही. रेल्वे जर्मनीकडे राहिली असती तर बेल्जियमला नव्याने मिळालेल्या प्रदेशाचे उत्तर व दक्षिण असे दोन तुकडे एकमेकांपासून तुटले असते.

इथे ३५ वे कलम पुढे येते. प्रत्यक्ष सीमा जागेवर जाऊन ठरवण्यासाठी सात जणांचा आयोग नेमला गेला : पाच दोस्त राष्ट्रांचे, एक जर्मनीचा, एक बेल्जियमचा. निर्णय बहुमताने होणार होता, तो दोघांवर बंधनकारक राहणार होता, आणि सीमा ठरवताना आर्थिक बाबी व दळणवळणाची साधने विचारात घ्यायची होती. ‘दळणवळणाची साधने’ या दोन शब्दांवर सारे प्रकरण फिरले. बेल्जियमने त्यांच्या आधारे मार्गाची मागणी केली. सीमा बदलल्यामुळे एखादी रेल्वे दुसऱ्या देशातून जाऊ लागली तर ती चालवण्याबाबत रेल्वे प्रशासनांनी आपसांत करार करावा, अशी तरतूद त्याच तहाच्या ३७२ व्या कलमात होती. तरीही मार्च १९२० मध्ये आयोगाने मार्ग बेल्जियमच्या पदरात टाकला आणि नोव्हेंबर १९२२ मध्ये सीमेचा तपशील कायम झाला. बेल्जियमला केवळ गाड्या चालवण्याचा हक्क मिळाला नव्हता. रुळांखालची जमीन, भराव, कटिंगे आणि स्थानकांची आवारे, अशी सगळी भूमीच त्याची झाली. रोटगेन, लामर्सडोर्फ, कोन्त्सेन, मोनशाउ आणि काल्टरहेर्बेर्ग ही स्थानके आपापल्या गावांपासून अशी वेगळी झाली.

मला सर्वांत जास्त बोचते ती एक गोष्ट इथे नोंदवून ठेवते. ओयपेन-मालमेदीच्या लोकांना निदान ती उणीपुरी नोंदवही तरी मिळाली होती. काल्टरहेर्बेर्गच्या गावकऱ्यांचे स्थानक गेले, काहींची घरे रुळांच्या पलीकडे अडकली, पण मोनशाउ जिल्हा तहात नसल्यामुळे त्यांना तेवढेही विचारले गेले नाही.

२४ मार्च २०२४

नकाशाचा पहिला मसुदा रद्द केला. मी देशाची सीमा रेल्वेच्या मध्यरेषेवरून ओढली होती, जशी नदीच्या मध्यातून ओढतात तशी. ती घोडचूक होती. सीमा रुळांच्या एका बाजूला नाही आणि मधूनही नाही, ती दोन्ही बाजूंना आहे. डावीकडे जर्मनी, मध्ये बेल्जियमची पट्टी, उजवीकडे पुन्हा जर्मनी. त्यामुळे मार्गाच्या पश्चिमेचे जर्मन तुकडे चहूबाजूंनी बेल्जियमने वेढले गेले. ही एक गोष्ट नकाशावर चुकली तर वाचकाला पुढचे काहीच कळणार नाही. आता पट्टीला स्वतंत्र रंग देणार आहे आणि तिच्या दोन्ही कडांना सीमेच्या खुणा.

पट्टी काही ठिकाणी इतकी अरुंद आहे की प्रमाणात काढली तर छपाईत दिसणारच नाही. ती प्रमाणापेक्षा रुंद काढावी लागेल आणि तसे नकाशावर स्पष्ट लिहावे लागेल.

१४ एप्रिल २०२४

दोन दिवस त्या वेढलेल्या तुकड्यांत फिरण्यात गेले. आज असे पाच उरले आहेत : म्युन्स्टरबिल्डखेन, रोटगेनर वाल्ड, र्‍युकश्लाग, म्युत्सेनिख आणि रुइत्सहोफ. त्यांत म्युत्सेनिख सर्वांत मोठा, १२ चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक, एका भरल्या गावाचा. र्‍युकश्लाग जेमतेम दीड हेक्टरचा, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत चार एकरांचे रान आणि त्यात एक घर. मराठी वाचकाला हे समजावताना कूचबिहारच्या ‘छिटमहलां’चा उल्लेख करता येईल, कारण भारत व बांगलादेश यांनी २०१५ साली अशा १६२ भूखंडांची अदलाबदल केली ती अनेकांच्या लक्षात असेल. पुस्तिकेत मात्र त्यासाठी एका वाक्यापेक्षा जास्त जागा देणार नाही. तिथल्या माणसांनी जे सोसले त्याची या शांत कुरणांशी तुलना होत नाही.

रुइत्सहोफ हा काल्टरहेर्बेर्गचाच वाडा, सुमारे ९४ हेक्टरांचा. तिथल्या माणसाला आपल्या गावच्या चर्चमध्ये जायचे तर बेल्जियमची पट्टी ओलांडावी लागते. कुरणाच्या कडेला, कुंपणाच्या तारेखाली, सीमेचा दगड सापडला. एका अंगाला बेल्जियमचा ‘बी’, दुसऱ्या अंगाला डॉइचलांडचा, म्हणजे जर्मनीचा, ‘डी’. दगडाच्या डोक्यावर दगडफूल चढले होते आणि गायींनी अंग घासून एक कोपरा गुळगुळीत केला होता. मी मापे घेत असताना पट्टीवरून सायकलस्वारांचा एक मोठा जथा निघून गेला. पाटी वाचायला त्यांच्यातले कुणी थांबले नाही.

मोठ्या रस्त्याचेही असेच आहे. आखेनहून मोनशाउला जाणारा जर्मन महामार्ग २५८ फ्रिंग्सहाउसच्या आसपास काही अंतर बेल्जियमच्या भूमीवरून जातो. चारचाकीत बसलेल्या माणसाला ते जाणवतही नाही.

५ मे २०२४

आज फक्त एका परिच्छेदाची भर घातली, पण तो महत्त्वाचा आहे. ज्या खनिजासाठी हा मार्ग बांधला, त्याचा प्रवाह सीमा ठरत असतानाच आटू लागला होता. लोरेन फ्रान्सकडे परत गेले, लक्झेम्बर्ग जर्मन सीमाशुल्क संघातून बाहेर पडून १९२१ मध्ये बेल्जियमशी आर्थिक संघात गेले, आणि रोटे एर्डेचा पोलाद कारखाना १९२६ मध्ये बंद पडला. आयोगाने मार्गाचे मोल ओळखून सीमा आखली, पण ते मोल मुख्यतः मागच्या काळातले होते.

२५ मे २०२४

युद्धांचे प्रकरण लिहून झाले. दोन्ही महायुद्धांत या मार्गाचे लष्करी महत्त्व मोठे होते. १ ऑगस्ट १९१४ च्या संध्याकाळी जर्मन सैनिकांनी मार्गाच्या दक्षिण टोकाचे उल्फलिंगेन स्थानक ताब्यात घेतले, मागे फिरण्याचा हुकूम आल्यावर सोडले आणि दुसऱ्या दिवशी लक्झेम्बर्गमध्ये सैन्य पुन्हा घुसले. १९४० च्या मे महिन्यात हिटलरने ओयपेन-मालमेदी जर्मनीला परत जोडले, आणि मग काही वर्षे काल्टरहेर्बेर्गचे गाव व स्थानक पुन्हा एका देशात होते. इतिहासातला हा जोड ज्या राजवटीने घडवला तिचे स्वरूप पाहता त्याचे वर्णन आनंदाच्या सुरात करता येत नाही. वाक्य तीनदा बदलले.

१२ सप्टेंबर १९४४ रोजी अमेरिकन सैन्य रोटगेनमध्ये शिरले. त्यांच्या हाती आलेले ते पहिले जर्मन गाव होते. डिसेंबरमध्ये आर्देनची लढाई पेटली तेव्हा मोनशाउ ते कोन्त्सेन स्थानक या टापूत रेल्वेच्या वळणाला धरून अमेरिकन घोडदळ पथकाची ठाणी होती. नाव घोडदळाचे, प्रत्यक्षात चिलखती गाड्यांचे. दक्षिणेचे मोठे जंक्शन सांक्ट फीट २५ व २६ डिसेंबरच्या बॉम्बवर्षावात जमीनदोस्त झाले. मार्ग युद्धानंतर पुन्हा बेल्जियमकडे आला, पण त्यावरची वाहतूक पूर्वीसारखी कधीच झाली नाही.

मग कॉफीचे दिवस आले. पश्चिम जर्मनीत कॉफीवर किलोमागे १० मार्क कर होता आणि बेल्जियममध्ये ती स्वस्त होती, त्यामुळे १९५३ साली कर उतरेपर्यंत या सीमेवर तस्करीला ऊत आला होता. पाठीवर गोणी घेतलेली मुलेसुद्धा त्यात होती, आणि गोळीबारात माणसे मेली. युद्धात उद्ध्वस्त झालेले श्मिट गावातले सेंट ह्युबर्टचे चर्च पुन्हा उभारताना तस्करांनी सढळ हाताने देणग्या दिल्या, म्हणून लोक त्याला ‘सांक्ट मोका’, म्हणजे ‘संत कॉफी’, म्हणतात. श्मिट काल्टरहेर्बेर्गपासून दूर असले तरी ही हकिकत ठेवणार आहे, कारण रेल्वेसाठी आखलेल्या सीमेवर लोकांनी पोट कसे भरले हे तिच्यातून दिसते.

१६ जून २०२४

अखेरचा काळ थोडक्यात मांडला. प्रवासी वाहतूक आधीच संपली होती. एल्सेनबोर्नच्या लष्करी छावणीसाठीच्या गाड्या आणि थोडी मालवाहतूक यांवर मार्ग तगून होता. १९९० पासून हौशी मंडळींनी त्यावर संग्रहालय-गाडी चालवली आणि काल्टरहेर्बेर्गला पुन्हा प्रवासी उतरू लागले. ती २००१ मध्ये थांबली. या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे. इतका लांब डोंगरी मार्ग हौसेवर चालता ठेवणे म्हणजे काय, ते बाबांनी मला रुळाच्या एका किलोमीटरमागे किती स्लीपर, किती खडी, किती माणसे लागतात त्याचा हिशेब करून समजावले. नंतर मार्गाच्या मोठ्या भागावरचे रूळ काढले आणि सायकलमार्ग झाला.

रूळ निघाले तेव्हा, म्हणजे २००८ च्या सुमारास, एक रास्त प्रश्न उभा राहिला : जमीन रेल्वेसाठी दिली होती, रेल्वे संपली, तर जमीन जर्मनीला परत जाणार का? दोन्ही देशांनी स्पष्ट केले की सीमा आहे तिथेच राहील. कायद्याच्या दृष्टीने उत्तर सरळ आहे. आयोगाने सीमा ठरवली, दोन देशांनी ती मान्य केली, आणि रेल्वे चालू असेपर्यंतच असे त्यात कुठे म्हटलेले नव्हते. सीमा ठरवण्याचे कारण आणि ठरलेली सीमा यांतला हा फरक वाचकाच्या लक्षात आला तर पुस्तिकेचे काम झाले असे मी समजेन.

७ जुलै २०२४

नकाशा छापून आला. पट्टीचा विटकरी रंग हिरव्या कुरणांवर नीट उठून दिसतो. सूचीत एका खुणेवर बराच वेळ अडले होते : जिथे रूळ आहेत तिथे काळी-पांढरी रेघ चालते, पण उत्तरेकडे काय दाखवायचे? शेवटी तिथे तुटक रेघ घातली आणि सूचीत ‘रेल्वेमार्ग (रूळ काढलेले)’ असे लिहिले. तिच्या दोन्ही बाजूंची सीमारेषा मात्र अखंड ठेवली आहे.

स्थानकाच्या नावाखाली ‘बेल्जियम’ आणि गावाच्या नावाखाली ‘जर्मनी’ असे एकाच आकाराच्या अक्षरांत छापले आहे. एक प्रत आज भुसावळला पोस्टाने पाठवली. फोनवर बाबांनी आधीच सांगून ठेवले आहे की भरावाची रुंदी कुठेतरी आकड्यात दिली पाहिजे, म्हणून पुढच्या शनिवारी पावलांऐवजी टेप घेऊन पुन्हा जायचे आहे.